‘हेल्पर्स’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि त्याचे उर्दू भाषांतर: सीमाभागातील मराठी लिहिणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात छपाईचे किंवा भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाच्या टेबलावर एकच मजकूर कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत तयार करून द्यायची वेळ वारंवार येते. अशा मजकुरातला ‘हेल्पर्स’ हा शब्द वरवर पाहता सर्वांत सोपा वाटतो, कारण त्याचा अर्थ ‘मदत करणारे’ हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही या एका शब्दाच्या उर्दू भाषांतरात मी जितक्या चुका पाहिल्या आणि स्वतः केल्या, तितक्या कायद्यातल्या अवघड शब्दांच्या बाबतीत झालेल्या नाहीत. अवघड शब्दासाठी आपण शब्दकोश उघडतो. सोप्या शब्दासाठी मात्र कानावर विसंबतो आणि इथे मराठी माणसाचा कानच त्याला फसवतो. मदत, कारकून, शिपाई, बिगारी, नायब, खिदमत हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि ते उर्दूतही आहेत. पण दोन्ही घरांत वाढताना त्यांचे वळण निराळे झाले. ओळखीचा शब्द दिसला की तो आपलाच, असे समजून आपण तो तसाच उतरवतो. पुढील पायऱ्या ही चूक टाळण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: हेल्पर नेमका कोण, हे ठरवणे

इंग्रजीत ‘हेल्पर’ म्हणजे मदत करणारा कोणीही. त्याला पगार मिळतो की नाही, त्याचे पद आहे की त्याने एकदाच हात दिला, तो स्त्री आहे की पुरुष, यांपैकी काहीही त्या शब्दातून कळत नाही. उर्दूतील जवळपास प्रत्येक पर्याय मात्र यांतले काही ना काही सांगून टाकतो. म्हणून लेखणी उचलण्याआधी मूळ मजकूर देणाऱ्याला विचारावे की हा माणूस काय करतो, त्याला पैसे मिळतात का, आणि त्याच्या वर कोण आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत साचे भरणाऱ्या कारागिराच्या हाताखालचा हेल्पर, अंगणवाडीतली मदतनीस, रुग्णालयात खाटेशेजारी रात्र काढणारा नातेवाईक आणि पुरात बोटीवर चढलेला तरुण, या चौघांसाठी इंग्रजी मजकुरात एकच शब्द असू शकतो. उर्दूत चौघांसाठी चार वेगळे शब्द लागतात.

‘असिस्टंट’ हा शब्द आला तर सावधगिरी आणखी वाढवावी. कर्नाटक शासनाच्या सेवेत ‘प्रथम दर्जा सहायक’ हे कारकुनी पद आहे, आणि त्या पदावरचा माणूस कोणाच्या हाताखाली सामान उचलत नसतो, तर फायली चालवतो. त्याचे भाषांतर ‘मददगार’ असे केले तर पद हास्यास्पद होते. अशी पदनामे उर्दू लिपीत उच्चाराप्रमाणेच, म्हणजे ‘फ़र्स्ट डिवीज़न असिस्टेंट’ अशी लिहावीत; वाचणाऱ्याला अर्जात तेच नाव शोधायचे असते.

दुसरी पायरी: शब्दांची निवड

‘मददगार’ हा सर्वांत मोकळा आणि सर्वांत सुरक्षित शब्द आहे. अरबी ‘मदद’ला फारसी ‘गार’ हा प्रत्यय लागून तो झाला; हाच प्रत्यय आपल्या गुन्हेगार, कामगार, जादूगार या शब्दांत आहे. मराठीत ‘मदद’चे ‘मदत’ झाले, जसे ‘पसंद’चे ‘पसंत’ झाले, त्यामुळे उर्दू लिहिताना मराठी सवयीने शेवटी ‘त’ येऊ देऊ नये. आपल्या ‘मदतनीस’ शब्दाची गंमत अशी की त्यातला ‘नीस’ हा फडणीस, चिटणीस यांच्याच घराण्यातला दिसतो, आणि त्या शब्दांत तो फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, यापासून आलेला आहे. आज अंगणवाडीतली मदतनीस काही लिहीत नाही, पण प्रत्यय मात्र टिकून आहे. उर्दू भाषकाला ‘मदतनीस’ मुळीच कळत नाही, तेव्हा तो शब्द तसाच उतरवण्याचा मोह टाळावा. ‘मददगार’ हा वृत्तीचा शब्द आहे, हुद्द्याचा नव्हे. ‘अडचणीत धावून येणारे’ असा अर्थ असेल तिथे तो उत्तम बसतो. वेतनपत्रकावर तो अघळपघळ वाटतो.

हुद्द्यासाठी ‘मुआविन’ हा शब्द आहे. सहकार्य या अर्थाचा ‘तआवुन’ आणि मदत या अर्थाचा ‘इआनत’ हे शब्द त्याच अरबी धातूपासून आले आहेत. ‘मुआविन मुदर्रिस’ म्हणजे सहशिक्षक, ‘मुआविन मुदीर’ म्हणजे सहसंपादक. या शब्दाची छटा ध्यानात राहावी म्हणून मी एक उदाहरण नेहमी देतो. उर्दूच्या भूगोलात उपनदीला ‘मुआविन दरिया’ म्हणतात. आपल्या भागातली मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा आणि मलप्रभा कृष्णेला मिळतात. म्हणजे घटप्रभा ही कृष्णेची मुआविन. मोठ्या प्रवाहात आपले पाणी घालणारा, त्याच्याच दिशेने जाणारा, असा तो मदतनीस आहे. जाता जाता ‘दरिया’कडेही पाहावे: उर्दूत तो नदी असतो आणि मराठीत ‘दर्या’ समुद्र होतो. एकाच शब्दाने किती पाणी बदलले, हे इथे दिसते.

‘नायब’ म्हणजे वरिष्ठाच्या गैरहजेरीत त्याच्या जागी काम करणारा. महाराष्ट्रातल्या ‘नायब तहसीलदार’मुळे तो मराठी वाचकाला परिचित आहे, कर्नाटकात त्याच पातळीवर ‘उपतहसीलदार’ असतो. उर्दूत ‘नायब सदर’ म्हणजे उपाध्यक्ष. इंग्रजी मजकुरात ‘डेप्युटी’ किंवा ‘व्हाइस’ या अर्थाने मदतनीस अभिप्रेत असेल तरच हा शब्द घ्यावा, कारण तो अधिकार सुचवतो. या ‘नायब’चेच अरबी अनेकवचन आदरार्थी वापरून ‘नवाब’ शब्द तयार झाला, हे लक्षात ठेवले की फाउंड्रीतल्या हेल्परला ‘नायब’ लिहिण्याची चूक होणार नाही.

‘ख़ादिम’ म्हणजे सेवा करणारा. आपली ‘खिदमत’ त्याचीच बहीण. उर्दू हँडबिलाखाली आयोजक स्वतःबद्दल नम्रतेने हा शब्द लिहितात आणि दर्ग्यातल्या सेवेकऱ्याला तो मानाने लावला जातो. पण दुसऱ्याच्या नोकरीचे नाव म्हणून आपण परस्पर तो लिहिला तर माणसाला खाली ढकलल्यासारखे होते. दर्ग्याच्या संदर्भात आपल्या भागात ‘मुजावर’ हाच शब्द रुळलेला आहे, इतका की ते आडनाव झाले. ‘नौकर’ हा शब्द तर सूचनाफलकावर मुळीच नको. मराठीत ‘सरकारी नोकर’ म्हणताना कोणाचा अपमान होत नाही, पण उर्दूत सुटा ‘नौकर’ म्हणजे घरगडी; पगारी माणसाला तिथे ‘मुलाज़िम’ म्हणतात.

‘नासिर’ आणि त्याचे अनेकवचन ‘अन्सार’ यांचा अर्थही मदत करणारे असाच आहे. पण इ. स. 622 मध्ये मक्केहून मदिनेला आलेल्या पैगंबर मुहंमदांना आणि त्यांच्या सोबत्यांना ज्या मदिनावासीयांनी आसरा दिला, त्यांचे ‘अन्सार’ हे नाव आहे, आणि ‘अन्सारी’ हे आडनाव त्यांचीच आठवण सांगते. शब्दकोशात ‘हेल्पर्स’समोर ‘अन्सार’ दिसला म्हणून तो ट्रकवरच्या क्लीनरला लावू नये. ‘दस्तगीर’चे तसेच: शब्दशः हात धरणारा, पण तो आधी पीराचा किताब आणि मग आपल्याकडच्या कितीतरी घरांतले मुलाचे नाव. ‘असिस्टंट’ या शब्दाच्या लॅटिन मुळाशी शेजारी उभे राहणे आहे, संस्कृत ‘सहाय’मध्ये सोबत चालणे आहे आणि ‘दस्तगीर’मध्ये हात धरणे आहे, मदतीची ही तीन चित्रे मला फार आवडतात, पण फलकावर त्यांचा उपयोग नाही.

रुग्णालयातल्या मजकुरासाठी एक नेमका शब्द आहे, ‘तीमारदार’. रुग्णाची देखभाल करणाऱ्या, त्याच्यासोबत थांबलेल्या माणसाला उर्दूत हेच म्हणतात. ‘रुग्णासोबत एकच मदतनीस थांबावा’ या सूचनेसाठी ‘मरीज़ के साथ सिर्फ़ एक तीमारदार रहे’ इतके पुरेसे आहे. व्याकरणाच्या पुस्तकातले सहाय्यक क्रियापद म्हणजे ‘इमदादी फ़ेल’, आणि सहकारी संस्था म्हणजे ‘अंजुमन-ए-इमदाद-ए-बाहमी’.

आणि नोकरीच्या जाहिरातीत? तिथे सरळ ‘हेल्पर’ ठेवावे. ‘फाउंड्री में हेल्परों की ज़रूरत है’ हे वाक्य शुद्धतावाद्यांना खटकेल, पण काम शोधणारा माणूस हाच शब्द बोलतो, हाच वाचतो, आणि ‘मुआविनीन मतलूब हैं’ (मदतनीस पाहिजेत) असे लिहिले तर ती जागा शिक्षकाची आहे असे समजून तो पुढे जाईल.

तिसरी पायरी: ओळखीच्या शब्दांचे सापळे

इथे मी माझ्याच चुकीपासून सुरुवात करतो. एका बांधकामाच्या ठिकाणी लावायच्या फलकाचा मराठी मजकूर होता, ‘गवंडी व बिगारी पाहिजेत, मजुरी रोज रोख’. बिगारी म्हणजे गवंड्याच्या हाताखालचा हेल्पर, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. मी उर्दूत ‘मिस्त्री और बेगारी’ असे उतरवले आणि वर ‘बिगारी’तली वेलांटी काढून मात्रा दिल्याचे समाधानही मानले. दरबार गल्लीतले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना मी चाचा म्हणतो आणि जे मला मास्तर म्हणतात, ते मुद्रित वाचून हसले. “मास्तर, पैसे भी देरे और बेगारी भी बोलरे?” उर्दूत ‘बेगार’ म्हणजे वेठ, मोबदला न देता जबरदस्तीने करून घेतलेले काम. भारतीय राज्यघटनेच्या 23व्या अनुच्छेदाने ज्या प्रथेला मनाई केली आहे, ती नेमकी याच नावाने. इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच शब्द आहे. मराठीत ‘वेठबिगार’ या जोडशब्दात तो जुना अर्थ शिल्लक आहे, पण सुट्या ‘बिगारी’ने तो केव्हाच टाकून दिला. दुरुस्त फलक ‘मिस्त्री और मज़दूर’ असा गेला.

‘कारकून’चा सापळा त्याहून फसवा आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना अर्थ लागतो, फक्त वेगवेगळा लागतो. मराठीत कारकून म्हणजे कचेरीत लिहिणारा. उर्दूत ‘कारकुन’ म्हणजे कार्यकर्ता, विशेषतः पक्षाचा किंवा संघटनेचा. उर्दू बातमीत ‘सैकड़ों कारकुन सड़क पर आए’ असे वाचून मराठी माणसाने लिपिकांचा मोर्चा निघाला असे समजू नये. उलट दिशेने, मराठी ‘कारकून’साठी उर्दूत ‘क्लर्क’ लिहावे.

‘शिपाई’च्या बाबतीत तर आपल्या भागात तिहेरी गुंता होतो. मराठी कचेरीतला शिपाई उर्दूत ‘चपरासी’ असतो, कारण उर्दूतला ‘सिपाही’ पोलीस किंवा सैनिक असतो. याच माणसाला कन्नड कागदात ‘जवान’ म्हणतात. कन्नड परिपत्रकावरून थेट उर्दू करणाऱ्याने ‘जवान’ तसाच ठेवला की चहाचे पेले उचलणारा माणूस एकदम सीमेवर पोहोचतो. कन्नड मजकूर हाती आला असेल तर आधी त्याचा अर्थ मराठीत लिहून घ्यावा आणि मग उर्दूकडे वळावे. हा वळसा लांबचा वाटतो, पण पुनर्मुद्रणापेक्षा स्वस्त पडतो.

शेवटचा सापळा अर्थाचा नसून आठवणीचा आहे. उर्दूत ‘रज़ाकार’ म्हणजे स्वेच्छेने काम करणारा, स्वयंसेवक. शब्द निर्दोष आहे, आणि आजही उर्दू वर्तमानपत्रांत रक्तदानापासून आपत्कालीन मदतीपर्यंत सगळीकडे तो दिसतो. परंतु बीदर जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे राज्य भारतीय सैन्यापुढे नमले त्याआधीच्या काळात कासिम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, जे अत्याचार केले, त्यामुळे भालकी, औराद, बसवकल्याण भागातल्या मराठी घरांत हा शब्द शिवीसारखा उरला आहे. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता, म्हणून इथल्या माणसाच्या अंगावर तसा काटा येत नाही. मला तरी आला नव्हता. ऑगस्ट 2019 च्या पुरात मदतकार्यासाठी तरुणांची नावे मागणाऱ्या एका चौभाषिक पत्रकात मी ‘स्वयंसेवक’साठी बेधडक ‘रज़ाकार’ लिहिले होते. चाचांनी शब्दावर बोट ठेवले. “सही है, मगर ये नक्को. बीदर को भी जाता ना ये पर्चा?” तिथे ‘इमदादी कारकुन’ असे घातले, जे उर्दूत मदतकार्य करणाऱ्यांसाठी नेहमीचेच आहे. पत्रक फक्त उर्दू वाचकांसाठी असते तर ‘रज़ाकार’ ठेवायला हरकत नव्हती. पण सीमाभागात एकाच कागदावर चार लिप्या असतात, आणि उर्दूचा उतारा मोठ्याने वाचला की तो शेजारचा मराठी माणूसही ऐकतो.

चौथी पायरी: अनेकवचन आणि लिंग

मूळ शब्द ‘हेल्पर्स’ असा अनेकवचनी आहे, म्हणून उर्दूतही शेवटी काहीतरी जोडलेच पाहिजे असे नाही. ‘एक मददगार आया, दो मददगार आए’; रूप बदलत नाही, जसे मराठीत ‘एक मदतनीस आला, दोन मदतनीस आले’. प्रत्ययासारखे शब्द पुढे आले की मात्र ‘मददगारों को’, ‘हेल्परों ने’ अशी रूपे होतात. अरबी वळणाचे शब्द औपचारिक लेखनात अरबी अनेकवचन घेतात: मुआविनचे मुआविनीन, ख़ादिमचे ख़ुद्दाम, मुलाज़िमचे मुलाज़िमीन. स्त्रियांसाठी मुआविना, ख़ादिमा अशी रूपे आहेत. ‘मददगार’ दोघांनाही चालतो.

आपल्या गल्लीतले उर्दू बोलणारे लोक दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू बोली, बोलतात आणि त्यांच्या तोंडी ‘मददगाराँ’, ‘लोगाँ’, ‘बाताँ’ अशी अनेकवचने सहज येतात. ‘नक्को’ तर त्यांनी आपल्याच ‘नको’वरून घेतला. बोलण्यात ही रूपे गोड आहेत. लेखी सूचनेत ती येऊ नयेत, कारण तेच लोक लिहिताना प्रमाण उर्दू वापरतात आणि फलकावर दखनी दिसली की आपली थट्टा केली असे त्यांना वाटू शकते.

पाचवी पायरी: टंकलेखन आणि छपाई

उर्दू लिपी न येणाऱ्या मराठी माणसालाही इथे एक तपासणी करता येते, आणि ती मी मुद्दाम सविस्तर सांगतो. फोनवर किंवा संगणकावर अरबी कळफलक न घेता उर्दू कळफलकच घ्यावा. अरबीत ‘गाफ़’ (ग) आणि ‘पे’ (प) ही अक्षरे नाहीत, त्यामुळे अरबी कळफलकावर टंकणारा ‘मददगार’चा ‘मददकार’ आणि ‘हेल्पर’चा ‘हेल्बर’ करून ठेवतो. ‘मुआविन’ लिहिताना उच्चारात ठळक न येणारे ‘ऐन’ अक्षर गळते. त्याची अक्षरे मीम, ऐन, अलिफ़, वाव, नून अशी पाच आहेत, ती मोजून घ्यावीत.

मोठी अडचण फ्लेक्स तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये येते. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी ज्याला कळत नाही, तिथे उर्दू मजकूर चिकटवला की अक्षरे सुटी होतात आणि क्रमही उलटतो. ‘मददगार’ हा शब्द उर्दू वाचकाला ‘रागददम’ असा दिसतो. ही चूक ओळखण्यासाठी शब्दातले जोडलेले गुच्छ मोजावेत. ‘मददगार’ चार गुच्छांत दिसला पाहिजे: मीम आणि दाल एकत्र, मग एकटा दाल, मग गाफ़ आणि अलिफ़ एकत्र, शेवटी एकटा रे. ‘मुआविन’चे तीन गुच्छ होतात, ‘ख़ादिम’चेही तीनच, ‘नायब’चे दोन, आणि ‘हेल्पर’ हा शब्द एकाच सलग ओळीत जुळतो. ‘मददगार’ सहा तुकड्यांत दिसला किंवा ‘हेल्पर’ पाच तुकड्यांत, तर काम थांबवावे. यावरचा सोपा उपाय म्हणजे मजकूर ज्या कार्यक्रमात नीट दिसतो तिथे नस्तालीक़ या उर्दूच्या नेहमीच्या वळणाच्या फाँटमध्ये टंकून त्याचे चित्र किंवा पीडीएफ करून घ्यावे आणि फ्लेक्सवाल्याला तेच द्यावे. त्याला शब्द पुन्हा टंकू देऊ नये.

सहावी पायरी: उलट वाचन

छपाईपूर्वी मजकूर उर्दू वाचणाऱ्या माणसाकडे न्यावा, पण ‘बरोबर आहे का’ असे विचारू नये. भिडेखातर तो होच म्हणतो. मूळ मजकूर न दाखवता त्याला विचारावे की हा माणूस कोण, काय काम करतो, पैसे मिळतात का, आणि तुमच्या मुलासाठी ही जागा विचाराल का. चाचा ‘बेगारी’वर हसले ते यातल्या तिसऱ्या प्रश्नामुळे, आणि ‘रज़ाकार’च्या वेळी त्यांनी पाचवाच प्रश्न उभा केला की हा कागद कुठे कुठे जाणार आहे. तेव्हापासून तो प्रश्न मी काम घेतानाच विचारतो आणि पावतीच्या मागे गावांची नावे लिहून ठेवतो.